म्हाताऱ्या माणसाला हॉस्पिटलमधून घरी आणलंय, आता पुढे काय? पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी

घरातलं म्हातारं माणूस हॉस्पिटलमधून सुटलं की सगळ्यांना हुश्श होतं, आणि ते साहजिकच आहे, पण डिस्चार्ज देतात तो तिथे ठेवून करायचे उपचार संपले म्हणून, माणूस पूर्वीसारखा झाला म्हणून देत नाहीत, एवढं आधी डोक्यात पक्कं बसवा. उरलेलं बरं होणं घरी व्हायचं असतं आणि ते करून घेणारे तुम्ही. मी वडिलांना दोनदा आणि सासूबाईंना एकदा असं घरी आणलंय, पहिल्या खेपेला काहीच कळत नव्हतं, बरंचसं चुकत चुकत शिकले, म्हणून जे तेव्हा मला कुणीतरी सांगायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहितेय.

२०१३ मध्ये हार्लन क्रमहोल्झ नावाच्या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी या काळाला 'पोस्ट हॉस्पिटल सिंड्रोम' असं नाव दिलं. म्हणजे ज्या आजारासाठी ॲडमिट केलं तो आटोक्यात आलेला असतो, पण झोपमोड, तपासण्यांसाठी उपाशी राहणं, दुखणं, औषधांची गुंगी, दिवसच्या दिवस पलंगावर पडून राहणं या सगळ्याने शरीर इतकं खिळखिळं झालेलं असतं की पुढचे काही आठवडे भलतंच काहीतरी उद्भवू शकतं. अमेरिकेत मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वयस्कर लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, २००३-०४ सालच्या नोंदी तपासल्या तेव्हा पाचातला जवळपास एक पेशंट ३० दिवसांच्या आत परत ॲडमिट झालेला आढळला होता. हे घाबरवायला सांगत नाहीये, पहिले दोन-तीन आठवडे सुट्टी, मदत, माणसं जे काय जमवायचं ते जमवून ठेवा एवढ्यासाठी सांगतेय.

निघायच्या आधी, हॉस्पिटलमध्येच

डिस्चार्जच्या दिवशी बिल, फाइल, गाडी या धांदलीत सगळं ऐकलेलं कानावरून जातं. म्हणून दोघांनी जा, एकाने बिलाचं बघायचं आणि दुसऱ्याने फक्त वही घेऊन डॉक्टर आणि सिस्टरसोबत बसायचं. त्यांनी सांगून झालं की "मी तुम्हाला परत सांगते, बरोबर आहे का बघा" म्हणून आपल्या शब्दांत सगळं बोलून दाखवा. लाज वाटते, पण वाटू देऊ नका, चुकीचं समजलेलं तिथेच उघडं पडतं.

हे विचारल्याशिवाय निघू नका:
- कुठली औषधं नवीन, कुठली बंद, कुठल्यांचा डोस बदलला, आणि का
- आज सकाळपासून कुठले डोस देऊन झालेत, म्हणजे घरी गेल्यावर पहिला डोस कधी आणि कशाचा
- पाय टेकवायचा का, किती भार द्यायचा, जिना चढला तर चालेल का
- पाण्यावर, मिठावर काही बंधन आहे का
- कुठले रिपोर्ट यायचे बाकी आहेत आणि ते कोण बघणार
- लघवीची नळी असेल तर कधी काढायची
- रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा

शिवाय निघतानाचं वजन, बीपी आणि ऑक्सिजन लिहून घ्या. यांचं ऑक्सिजन किती असलेलं ठीक हेही विचारा, कारण सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या, काही पेशंटना ८८ ते ९२ टक्के एवढंच ठेवायला सांगतात आणि आपण घरी ९० बघून उगाच हादरतो. ड्रेसिंग, इन्सुलिन, नळीतून भरवणं यातलं काहीही तुम्हाला घरी करावं लागणार असेल तर सिस्टरसमोर एकदा स्वतःच्या हाताने करून बघा, नुसतं बघून येत नाही. चष्मा, कानाचं मशीन, कवळी उशीखाली किंवा ड्रॉवरमध्ये राहतात, ते तपासा. आणि शक्य असेल तर दिवसाउजेडी घरी पोचा, रात्री उशिरा पोचलं की औषधाचं दुकान बंद आणि माणूस थकलेला.

घर

यात फार काही खर्चिक नाहीये. पलंगावर कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर पलंग उंच आहे, गुडघे छातीकडे येत असतील तर फार खाली आहे. पलंगापासून संडासपर्यंतचा रस्ता रात्री स्वतः अंधारात चालून बघा, जिथे तुमचा पाय अडखळेल तिथे त्यांचा अडखळणारच. वायरी, पायपुसणी, सतरंजी उचला, छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा. बाथरूममध्ये न घसरणारी खुर्ची आणि भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून उठायची सवय लागू देऊ नका, ती माणसाचं वजन घेण्यासाठी बसवलेली नसते. पायात मागून बंद असलेली, रबरी तळाची चप्पल. हाताशी घंटी किंवा फोन. बास.

औषधं, इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आमच्याकडे वडिलांची बीपीची एकच गोळी दोन नावांनी चार दिवस चालली, घरात आधीपासून होती ती एका कंपनीची आणि हॉस्पिटलने लिहून दिली ती दुसऱ्या कंपनीची, नावं पूर्ण वेगळी, आम्हाला वाटलं दोन वेगळ्या गोळ्या आहेत. बाथरूमला जाताना चक्कर येऊन भिंत धरून खाली बसले तेव्हा स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचलं आणि माझे हातपाय गार पडले.

म्हणून घरी आल्या आल्या घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पुड्या टेबलावर ओता, शेजारी डिस्चार्ज कार्ड ठेवा, आणि कंपनीने दिलेलं मोठं नाव सोडून खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव वाचत तीन ढीग करा: चालू ठेवायच्या, बंद झालेल्या, आणि कळत नाही अशा. बंद झालेल्या त्याच दिवशी त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा, कारण वीस वर्षं जी गोळी सकाळी घेतली ती हात आपोआप उचलतो. कळत नाहीत त्या घेऊन फार्मासिस्टकडे जा किंवा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, अंदाज करू नका. कार्डवर नसलेली जुनी गोळी ही मुद्दाम बंद केलीय की लिहायची राहिली हेसुद्धा विचारूनच ठरवायचं.

मग एका कागदावर मोठ्या अक्षरात तक्ता: औषध, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. हा कागद भिंतीवर, त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये. दिली की खूण करायची, म्हणजे "मी दिली होती", "मलाही वाटलं राहिली म्हणून मी दिली" हे होत नाही. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

काही गोष्टी मला फार उशिरा कळल्या. गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून देतो आपण, पण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर अख्ख्या दिवसाचा डोस एकदम अंगात जातो, म्हणून कुठलीही गोळी कुटण्याआधी विचारा. अंग दुखतंय म्हणून घरात पडलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका, किडनीचा त्रास, हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडणं) किंवा रक्त पातळ करणारी औषधं असलेल्या माणसाला ती महागात पडतात. सर्दीच्या आणि झोपेच्या बऱ्याच साध्या गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन असतं, त्याने म्हाताऱ्या माणसांना गोंधळायला होतं, लघवी तुंबते, तोल जातो. वयस्कर लोकांना कुठली औषधं शक्यतो देऊ नयेत याची यादी मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये काढली होती, ती अजून सुधारत असतात, आणि या दोन्ही औषधांची नावं तिच्यात आहेत. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, मॉर्फिनसारखं काही दिलं असेल तर पोट साफ होण्याचं औषध सोबत आहे का ते पहिल्या दिवशीच बघा, चौथ्या दिवशी नको.

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील आणि जेवण अर्धंच गेलं असेल तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना फोन करा. शुगर ७० च्या खाली गेली तर म्हाताऱ्या माणसाला घाम, थरथर येईलच असं नाही, नुसता असंबद्ध बोलतो किंवा पेंगतो. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर ३ छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स.

उठवा, चालवा

"आराम करू दे त्यांना" हे आपण मायेने म्हणतो आणि नुकसान करतो. २००७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या लोकांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं, तर पायांतले जवळपास १ किलो स्नायू गेले. ती तर आजारी नसलेली माणसं होती! मग आपल्याकडच्या आजारी माणसाचं काय होत असेल. त्यामुळे डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली नसेल तर पहिल्या दिवसापासून जेवण खुर्चीत, पेपर खुर्चीत, संडास बेडपॅनवर न करता चालत किंवा कमोड खुर्चीवर. डायपर सोयीचा वाटतो, रात्रीपुरता ठीक आहे, पण दिवसभर लावला की उठायचं कारणच संपतं आणि चार-आठ दिवसांत चालणं गेलेलं असतं.

उठवताना एकदम उभं करू नका. पडून राहिलेल्या माणसाचं बीपी उभं राहिल्यावर धाडकन खाली येऊ शकतं, उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० पॉइंटने उतरलं तर डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. आधी कडेला बसवा, पाय खाली सोडून घोटे वरखाली करायला लावा, मिनिटभर गप्पा मारा, मग उभं, उभं राहून परत थोडं थांबायचं, मग पहिलं पाऊल. हात धरून ओढू नका आणि काखेत हात घालून उचलू नका, त्यांचा खांदा जातो आणि तुमची कंबर. त्यांना खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकायला सांगा, पाय मागे घ्या, "नाक पायांच्या पुढे" येईल इतकं वाका म्हणा आणि एक दोन तीन म्हणून त्यांनाच उठू द्या, तुम्ही कमरेला आधार द्यायचा.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, हे नव्वद टक्के वेळा उलटं असतं असं मला तरी दिसलंय. सरळ उभं राहून हात खाली सोडला की काठीचा वरचा भाग मनगटाच्या रेषेशी यायला हवा. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. खुर्चीतून उठणं-बसणं दिवसातून चारपाच वेळा, प्रत्येक वेळी जेवढं झेपेल तेवढं, फिजिओने काही वेगळं सांगितलं असेल तर ते.

पडलेच तर लगेच ओढून उठवू नका. बोलतात का, कुठे दुखतंय, पाय आखूड किंवा वाकडा दिसतोय का बघा. डोकं आपटलंय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर वरून कितीही ठीक वाटलं तरी हॉस्पिटल गाठा, आतला रक्तस्राव काही तासांनी दिसायला लागतो.

अचानक गोंधळायला लागले तर

याबद्दल मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. घरी आणल्याच्या तिसऱ्या रात्री वडील म्हणाले, खोलीत माणसं उभी आहेत, त्यांना जायला सांग. सकाळी एकदम शहाण्यासारखे बोलले, संध्याकाळी परत तेच. आम्ही घाबरून त्यांना वेड लागलं, स्मृतिभ्रंश झाला असंच धरून बसलो. ते डेलिरियम होतं. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू येतो, डेलिरियम तासा-दिवसांत येतं, कमीजास्त होत राहतं, आणि बहुतेक वेळा त्यामागे शरीरातलं काहीतरी असतं जे शोधून काढता येतं: इन्फेक्शन, तुंबलेली लघवी, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, दुखणं, नवीन औषध किंवा एखादं जुनं औषध अचानक बंद होणं. वडिलांना लघवीचं इन्फेक्शन होतं, ताप अजिबात नव्हता. म्हाताऱ्या माणसांना बऱ्याचदा तापच येत नाही, त्याऐवजी गोंधळ होतो, जेवण बंद होतं किंवा माणूस पडतो.

याचा दुसरा प्रकार जास्त फसवा. माणूस नुसता शांत, झोपाळलेला, हाक मारली की डोळे उघडतो आणि परत मिटतो, आणि आपण म्हणतो बरं झालं, आराम करतायत. ते पण डेलिरियम असू शकतं आणि घरच्यांच्या लवकर लक्षातच येत नाही.

दोन्हीत त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, "उद्या बघू" नाही. फोनवर "बाबा जरा विचित्र वागतायत" म्हणू नका, "परवापर्यंत स्वतःचं स्वतः जेवत होते, कालपासून मला ओळखत नाहीत, लघवी सकाळपासून झालेली नाही" असं सांगा, म्हणजे समोरच्याला घाई कळते. डॉक्टर त्यांना आठ-दहा दिवस ओळखतात, तुम्ही आयुष्यभर, त्यामुळे नेहमीचे ते कसे होते हे तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तोवर चष्मा घाला, कानाचं मशीन लावा, समोर घड्याळ, दिवसा पडदे उघडे, रात्री मंद दिवा, सोबत ओळखीचं माणूस, एका वेळी एकानेच हळू बोलायचं. वाद घालू नका. माणसं दिसतायत म्हणाले तर "मी इथे आहे, तुम्हाला काही होणार नाही" एवढं पुरतं. कारण सापडून उपचार झाले तरी पूर्ण निवळायला कधी दिवस, कधी आठवडे लागतात, धीर सोडू नका.

खाणं, पाणी, पोट

भूक मेलेली असते, त्यामुळे मोठं ताट पुढे ठेवलं की आधीच नको वाटतं, थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. गेलेले स्नायू परत यायला प्रोटीन लागतं, आजारातून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात, किडनीचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. नुसत्या पातळ पेजेवर आठवडा काढू नका. कवळी सैल झालीय का बघा, वजन उतरलं की ती बसत नाही आणि माणूस सांगत नाही, नुसतं खाणं सोडतो.

भरवायचं ते पूर्ण ताठ बसवूनच, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. खाताना खोकला येतो, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा ओला येतो, घास गालात साठून राहतो, यातलं काही दिसलं तर थांबा आणि विचारा, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. संडास कधी झाली ते लिहा, तीन दिवस झाली नाही तर सांगा.

त्वचा, नळी, जखम

माकडहाड, टाचा, खुबे रोज अंघोळीच्या वेळी बघायचे. लाल भाग बोटाने दाबून सोडा, लाली गेली नाही तर बेडसोअरची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गडद, गरम किंवा कडक लागतंय का बघा. त्या जागेवर मालिश करू नका, मधे भोक असलेली गोल रिंग देऊ नका, कूस बदला, साधारण दर २ तासांनी, आणि पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. युरिन बॅग कायम ओटीपोटाच्या खाली पण जमिनीला न टेकता, नळी मुडपलेली नको, पूर्ण भरायची वाट न बघता रिकामी करा. जखमेतून पू, वास, वाढती लाली, वाढतं दुखणं आलं तर फोटो काढून त्याच दिवशी दाखवा.

रोजची वही

एक साधी वही, रोज पाच मिनिटं. खाणं, पाणी, लघवी, संडास, झोप, किती चालले, दुखणं, आणि शेवटी एक ओळ: कालच्यापेक्षा आज काय वेगळं. ही ओळ सगळ्यात कामाची, बाकीचे आकडे एक वेळ राहिले तरी ही लिहा. हार्ट फेल्युअर असेल तर रोज सकाळी लघवी करून, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर वजन, एका दिवसात १ ते १.५ किलो किंवा आठवड्यात २ किलोच्या वर वाढलं तर अंगात पाणी साठतंय, पाय सुजायची वाट न बघता फोन करा.

थेट ॲम्ब्युलन्स कधी: छातीत दुखणं, अचानक दम लागणं, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, उठतच नाही इतकी गुंगी, काळी किंवा रक्ताची संडास, न थांबणारं रक्त. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर ती चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

तुम्ही आणि ते

रात्रीच्या पाळ्या पहिल्याच दिवशी वाटून घ्या, एकच माणूस सलग जागला तर चौथ्या दिवशी औषधं चुकतात, हा अनुभव आहे. कुणी "काही लागलं तर सांग" म्हणालं तर लगेच काम सांगा: मंगळवारी दुपारी दोन तास बस, मी झोपते. आणि त्यांना जे जमतं ते त्यांना करू द्या. सासूबाईंना केस विंचरायला वीस मिनिटं लागायची, मी आधी घाईत कंगवा हातातून घ्यायचे, मग फिजिओने सांगितलं की त्यांचा तोच खांद्याचा व्यायाम आहे, आणि त्या स्वतः विंचरायला लागल्यावर दिवसभर त्यांचा चेहरा वेगळा असायचा. अंग पुसताना, कपडे बदलताना दार लावा, आता काय करणार ते आधी सांगा, त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर डॉक्टरांशी बोलताना त्यांनाही बोलू द्या.

पहिला फॉलोअप

शक्यतो आठवडाभरात, आणि बरं वाटतंय म्हणून टाळायचा नाही. सोबत वही, औषधांचा तक्ता, सगळ्या स्ट्रिप, डिस्चार्ज कार्ड. तीन प्रश्न वरच्या पानावर लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाहीत. त्यातला एक हा असू द्या: यातली कुठली औषधं आता बंद करता येतील? हॉस्पिटलमध्ये झोपेसाठी, ॲसिडिटीसाठी चालू केलेल्या गोळ्या कुणी विचारलं नाही म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतात. नळी अजून असेल तर ती कधी निघणार हे परत विचारा. घरी आलात की भिंतीवरचा जुना तक्ता काढून फाडून टाका, नवीन तारीख घालून नवा लावा आणि सगळ्यांच्या फोनमधला फोटोही बदला.